विश्लेषण : सर्व्हर म्हणतो ‘मेल गेला’, पण तो पोहोचला का?

घाट बंद केल्याचा आदेश कार्यालयीन संगणकप्रणालीत नोंदवला की पुढच्या क्षणी सर्व संबंधितांना मेल जावा, ही अपेक्षा साधी वाटते. प्रत्यक्षात ‘पाठवा’ हे बटण आणि समोरच्याने मेल वाचणे यांच्या दरम्यान अनेक टप्पे असतात आणि त्यातील प्रत्येक ठिकाणी मेल अडू शकतो. सर्व्हरवरची प्रणाली मेल कसा पाठवते, तो कुठे रखडतो आणि आंबेनळीसारख्या घाटात त्याचे महत्त्व का आहे, याविषयी…

आंबेनळी घाटाचे उदाहरण कशासाठी?

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता आंबेनळी घाटातून चढतो. खालचा भाग रायगड जिल्ह्यात, वरचा सातारा जिल्ह्यात. म्हणजे रस्ता एक, पण जिल्हाधिकारी कार्यालये दोन, पोलीस दले दोन, नियंत्रण कक्षही दोन. मुंबई-गोवा महामार्गावरून पोलादपूरला वळणाऱ्या चालकाला वरच्या वळणावर दरड आली आहे की नाही, हे दिसत नाही. प्रतापगड पाहून खाली उतरणाऱ्या पर्यटकाची स्थितीही तीच. शिवाय सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून समुद्राकडे जाते. त्यामुळे वरच्या पावसाची खबर खाली पाण्याच्या आधी पोहोचणे गरजेचे असते.

जुलै २०२१ मध्ये हे प्रकर्षाने दिसले. २२ आणि २३ जुलैदरम्यान महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाड शहर पाण्याखाली गेले. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलैला दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. रस्ते, वीज आणि मोबाइल सेवा एकाच वेळी कोलमडल्या. तळियेत बचाव पथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण दगावले होते. बचावलेल्या एकमेव प्रवाशाने दरी चढून रस्ता गाठला, तेव्हा अपघाताची खबर बाहेर गेली.

अशा भागात निरोप वेळेत पोहोचणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. एका नियंत्रण कक्षातील कर्मचारी ‘आंबेनळी घाट अवजड वाहनांसाठी बंद’ असा आदेश प्रणालीत नोंदवतो. त्याची प्रत पोलीस, एसटी आगारे, बांधकाम विभाग आणि शेजारचा जिल्हा यांना मेलने जायची आहे.

मेल नेमके कोण पाठवते?

कर्मचाऱ्यासमोर असतो तो केवळ पडदा. मोठ्या संस्थांच्या प्रणाली साधारण तीन थरांत उभ्या असतात. समोर पडदा, मागे माहितीसाठा आणि मधल्या थरात कामकाजाचे नियम. आदेश कोण काढू शकतो, तो कोणाला कळवायचा, हे सारे मधला थर ठरवतो. हा थर छोट्या छोट्या घटकांचा बनलेला असतो आणि ते घटक सर्व्हरवर चालतात.

जावा या संगणकभाषेत अशा घटकांसाठी १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सने ‘एंटरप्राइज जावाबीन्स’ ही पद्धत आणली. घटकाने केवळ आपले काम पाहायचे. सुरक्षा, माहितीसाठ्याशी जोडणी, एकाच वेळी येणाऱ्या शेकडो विनंत्या हे सगळे त्याला सांभाळणाऱ्या ‘कंटेनर’ने पाहायचे, अशी ती विभागणी. मेलसाठी ‘जावामेल’ हा संच आला. आज तो ‘जकार्ता मेल’ म्हणून ओळखला जातो. इतर भाषांतील प्रणालींची नावे वेगळी असली तरी रचना बरीचशी अशीच असते.

यात एक शहाणपणाचा नियम आहे. मेल सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड घटकाच्या आत लिहायचा नाही. तो सर्व्हरच्या व्यवस्थापकाने एका नावाखाली नोंदवून ठेवायचा आणि घटकाने ते नाव घेऊन ‘मला मेलची जोडणी द्या’ एवढेच मागायचे. उद्या मेल सर्व्हर बदलला, पासवर्ड बदलला, तर एका ठिकाणी नोंद बदलली की भागते. भर पावसाळ्यात संपूर्ण प्रणाली नव्याने बसवण्याची वेळ येत नाही.

दोन सर्व्हरमध्ये काय संवाद होतो?

घटक स्वतः मेल कोणाच्याही खात्यात नेऊन टाकत नाही. तो मजकूर, पत्ते आणि जोडपत्रे यांचे पाकीट तयार करून जवळच्या मेल सर्व्हरकडे सोपवतो. तो सर्व्हर पुढच्या सर्व्हरकडे देतो. या देवाणघेवाणीची भाषा म्हणजे ‘एसएमटीपी’. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये तिचे नियम लिहिले आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे.

संवाद अगदी थोडक्यात होतो. पाठवणारा आपली ओळख सांगतो, मग मेल कोणाकडून आहे ते, मग कोणासाठी आहे ते आणि शेवटी मजकूर देतो. समोरचा सर्व्हर दर वेळी तीन आकडी उत्तर देतो. २५० म्हणजे ‘ठीक, घेतले’. चारपासून सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता जमत नाही, नंतर या’. पाचपासून सुरू होणारा आकडा म्हणजे ‘होणार नाही’. उदाहरणार्थ, असा पत्ताच नाही.

गफलत होते ती इथेच. मजकूर दिल्यावर २५० मिळाले की प्रणाली पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘मेल पाठवला’ असे दाखवते. पण हे उत्तर पहिल्या सर्व्हरचे असते. त्याचा अर्थ एवढाच, की पुढे पोहोचवण्याची, किंवा न पोहोचल्यास तसे कळवण्याची जबाबदारी त्याने घेतली आहे. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कोणालाही हा फरक चटकन कळेल. आपल्या नोंदवहीत जावक क्रमांक पडला, म्हणजे समोरच्या कार्यालयात आवक क्रमांक पडला असे होत नाही. आणि आवक क्रमांक पडला, म्हणजे साहेबांनी कागद वाचला असेही नाही.

‘नंतर या’ म्हटल्यावर किती उशीर होतो?

समोरचा सर्व्हर व्यग्र असेल किंवा जोडणी तुटली असेल, तर मेल रांगेत थांबतो. इंटरनेटवरील मेलच्या मानक नियमांनुसार पुन्हा प्रयत्न करण्याआधी साधारण किमान ३० मिनिटे थांबावे आणि प्रयत्न सोडून देण्याआधी किमान ४ ते ५ दिवस वाट पाहावी, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात अनेक सर्व्हर पहिले काही प्रयत्न लवकर करतात, पण मूळ वृत्ती सावकाशीचीच.

पत्रव्यवहारासाठी हा नियम योग्यच आहे. एखादा सर्व्हर शनिवार-रविवार बंद राहिला तरी सोमवारी पत्र मिळते. पण ‘घाट बंद’ हा निरोप चार दिवसांनी, ऊन पडल्यावर मिळाला, तर त्याचा उपयोग शून्य. मेलची रचना ‘उशीर चालेल, हरवणे चालणार नाही’ या तत्त्वावर झाली आहे. आपत्तीत नेमके उलट असते. उशिरा आलेला निरोप हरवल्यासारखाच.

मेल अडकल्यावर सारी प्रणाली का गोठते?

कर्मचारी ‘नोंदवा’ दाबतो आणि पडद्यावर चक्र फिरत राहते, हा अनुभव अनेकांचा आहे. यामागे बहुधा एक साधे कारण असते. मेल पाठवण्याचे काम आदेश नोंदवण्याच्या कामातच गुंफलेले असते. मेल सर्व्हर उत्तर देईना, तर घटक तिथेच खोळंबतो. जावामेलमध्ये तर किती वेळ थांबायचे, हे स्पष्ट सांगितले नाही तर मूळ मांडणीनुसार अमर्याद वेळ थांबले जाते. कंटेनरकडे एका वेळी काम करणाऱ्या धाग्यांची संख्या मर्यादित असते. त्यातले एकेक करून सगळे मेलपाशी अडकले, की ज्यांचा मेलशी काही संबंध नाही अशी कामेही थांबतात. पाऊस सर्वाधिक, नोंदी सर्वाधिक आणि त्याच वेळी प्रणाली बंद, असे चित्र मग दिसते.

उपाय कठीण नाहीत. पहिला, जोडणीसाठी आणि उत्तरासाठी ठरावीक सेकंदांची मुदत घालणे. दुसरा आणि महत्त्वाचा, मेल पाठवण्याचे काम वेगळे काढणे. आदेश नोंदवणारा घटक फक्त ‘असा मेल जायचा आहे’ एवढी चिठ्ठी रांगेत ठेवतो आणि मोकळा होतो. रांगेवर लक्ष ठेवणारा दुसरा घटक आपल्या सवडीने चिठ्ठ्या उचलून मेल पाठवतो. डाकघरातील पेटीत पत्र टाकणारा माणूस पोस्टमनची वाट पाहत तिथे उभा राहत नाही, तसेच हे आहे.

आदेश रद्द झाला, पण मेल गेला, असे कसे?

माहितीसाठ्यात ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम पाळला जातो. आदेशाची नोंद, त्यातील रस्त्याचे टप्पे, सही करणाऱ्याचे नाव यांपैकी एक पायरी जरी फसली, तरी आधीच्या पायऱ्या मागे घेतल्या जातात. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. पण मेलला हा नियम लागू होत नाही. एकदा बाहेर पडलेला मेल परत बोलावता येत नाही.

समजा घटकाने आधी मेल पाठवला आणि मग नोंद करताना माहितीसाठा बिघडला. नोंद मागे घेतली गेली, पण ‘घाट बंद’चा मेल आगारात पोहोचला. आता गाड्या थांबल्या आहेत आणि आदेश मात्र दप्तरी नाही. उलट, नोंद आधी झाली आणि मेल पाठवताना सर्व्हर बंद पडला, तर आदेश दप्तरी आहे आणि गाडी घाटात निघाली आहे. दुसरी चूक पहिलीहून जास्त घातक.

यावरचा रूढ तोडगा म्हणजे माहितीसाठ्यातच एक ‘जावक’ तक्ता ठेवणे. आदेश आणि ‘हा मेल पाठवायचा आहे’ ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिली जाते. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. नंतर वेगळा घटक जावक तक्ता वाचून मेल पाठवतो आणि यशस्वी झालेल्या नोंदीवर खूण करतो. यात एक तोटा उरतो. मेल पाठवला, पण खूण करण्याआधी वीज गेली, तर तोच मेल पुन्हा जातो. म्हणून प्रत्येक आदेशाला स्वतःचा क्रमांक हवा आणि तो मेलच्या विषयातच दिसायला हवा. एकच निरोप दोनदा आल्याने फारसे बिघडत नाही. दोन वेगळे आदेश आले असे वाटल्याने बिघडते.

‘सुरू’चा मेल आधी आणि ‘बंद’चा नंतर आला तर?

रांगेत थांबलेल्या मेलचा हा सर्वांत फसवा परिणाम. सकाळी ९ वाजता ‘घाट बंद’चा मेल निघाला आणि एका सर्व्हरवर अडकला. दुपारी दरड हटली, ३ वाजता ‘घाट सुरू’चा मेल निघाला आणि लगेच पोहोचला. सायंकाळी ५ वाजता सकाळचा अडकलेला मेल सुटला. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ताजा निरोप ‘घाट बंद’ हाच. हे उलटही होऊ शकते आणि ते जीवावर बेतू शकते.

म्हणून निरोपात आदेशाची वेळ, अनुक्रमांक, तो कोणत्या आधीच्या आदेशाची जागा घेतो आणि कधीपर्यंत लागू आहे, या चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. जगभर आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ या मानकात नेमक्या याच रकाने असलेली रचना आहे. इशारा नवा आहे, सुधारित आहे की रद्द करणारा, हेही त्यात वेगळे नोंदवले जाते. साधा मेल पाठवतानाही ही शिस्त उचलायला काही खर्च येत नाही.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे का होतात?

एसएमटीपीचा जन्म झाला तेव्हा मेलमध्ये केवळ इंग्रजी अक्षरे, आकडे आणि थोडी चिन्हे चालत. १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक आले आणि इतर लिप्या तसेच जोडपत्रे पाठवण्याची वाट मोकळी झाली. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. तरीही घटकाने मेल तयार करताना ‘हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे विषयासाठी आणि मजकुरासाठी सांगितले नाही, तर सर्व्हरच्या मूळ मांडणीवर सगळे अवलंबून राहते आणि ‘आंबेनळी घाट बंद’च्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ उमटू शकते.

दुसरा घोटाळा जुन्या फॉन्टचा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला अर्थहीन अक्षरे दिसतात. मोबाइलवर तर हमखास. आदेश मूळातच युनिकोडमध्ये टंकणे हाच यावर खात्रीचा उपाय. महत्त्वाचा निरोप केवळ चित्ररूप जोडपत्रात न ठेवता मेलच्या मजकुरातही लिहावा. घाटात डेटा मंद असतो, तेव्हा जोडपत्र उघडत नाही.

पोहोचलेला मेलही दिसत का नाही?

बनावट मेलचा सुळसुळाट झाल्यापासून मेल स्वीकारणारे सर्व्हर पाठवणाऱ्याची ओळख तपासतात. या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. मजकूर वाटेत बदलला नाही, याची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. तपासणी फसल्यास काय करावे, याची सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. त्या नीट बसवल्या नसतील, तर खरा आदेशही ‘स्पॅम’मध्ये पडू शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो.

त्याहून साधे कारण म्हणजे चुकीचा पत्ता. अधिकाऱ्याची बदली होते, पण यादीत त्याचा जुना पत्ता तसाच राहतो. म्हणून पत्ता व्यक्तीच्या नावाचा नव्हे, तर पदाचा किंवा कक्षाचा असावा. मेल परत आल्याची सूचना ज्या पत्त्यावर येते, तो पत्ताही कोणीतरी रोज उघडायला हवा. ‘या मेलला उत्तर देऊ नये’ असे लिहिलेल्या खात्यात परतलेले मेल साचत राहतात आणि कोणाला पत्ता नसतो की निम्म्या आगारांना आदेश मिळालेलाच नाही.

मग आपत्तीत मेलवर विसंबावे का?

एकट्या मेलवर नाही. मेल हा कार्यालय ते कार्यालय जाणाऱ्या, दप्तरी राहणाऱ्या, सविस्तर आदेशासाठी उत्तम आहे. नागरिकांना तातडीने सावध करण्यासाठी वेगळी साधने आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही प्रणाली सी-डॉटने विकसित केली असून ती वर उल्लेखलेल्या प्रोटोकॉलवर आधारित आहे. त्यातून ठरावीक भागातील मोबाइलवर संदेश पाठवता येतात. ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीत तर क्रमांकांची यादीच लागत नाही. मनोरा आपल्या कक्षेतील सर्व फोनना एकदम संदेश देतो, त्यामुळे गर्दीने जाळे तुंबत नाही आणि घाटातून जाणाऱ्या परगावच्या पर्यटकालाही तो मिळतो. २०२३ मध्ये देशभर या पद्धतीच्या चाचण्या झाल्या, तेव्हा मोठ्या आवाजासह आलेला तो संदेश अनेकांना आठवत असेल.

पण मनोऱ्यालाही वीज लागते. वीज गेली, बॅटरी संपली, केबल दरडीखाली गेली, की मेल, एसएमएस आणि सेल ब्रॉडकास्ट तिन्ही एकदम मुके होतात. २०२१ चा महाड-पोलादपूरचा धडा हाच आहे. म्हणून शेवटच्या टप्प्यात पोलिसांची बिनतारी यंत्रणा, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल, देवळावरचा भोंगा आणि गरज पडल्यास दवंडी यांना पर्याय नाही. आणि हा टप्पा जाळे पडण्याच्या आधी, म्हणजे पाऊस वाढू लागतानाच सुरू व्हावा लागतो.

खात्री करायची कशी?

चांगली प्रणाली ‘पाठवला’ या एका शब्दावर समाधान मानत नाही. तिच्या पडद्यावर प्रत्येक पत्त्यासमोर तीन वेगळ्या अवस्था दिसायला हव्यात : सर्व्हरकडे सोपवला, परत आला किंवा रखडला आणि पोचपावती मिळाली. पोचपावती यंत्राने आपोआप दिलेली नको. मेलमधील दुव्यावर समोरच्या माणसाने ‘मिळाला’ असे नोंदवावे. ठरावीक मिनिटांत ते झाले नाही, तर प्रणालीने त्या नावापुढे लाल खूण करावी, पर्यायी क्रमांकावर एसएमएस पाठवावा आणि नियंत्रण कक्षातील माणसाने फोन उचलावा. फोनही लागला नाही, तर बिनतारी संदेश.

तांत्रिकदृष्ट्या यातले काहीही अवघड किंवा महागडे नाही. थांबण्याची मुदत, जावक तक्ता, आदेश क्रमांक, यूटीएफ-८, पदनामाचे पत्ते या गोष्टी कोणताही जाणकार प्रोग्रामर थोड्या दिवसांत बसवू शकतो. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई आणि दरडप्रवण भागांची पाहणी होते, त्याच सुमारास एकदा मेलची रंगीत तालीमही व्हावी. यादीतील प्रत्येक पत्त्यावर चाचणी आदेश पाठवून किती पोचपावत्या किती मिनिटांत आल्या, हे मोजावे. ज्या पत्त्यावरून उत्तर आले नाही, तो पत्ता मेमध्येच दुरुस्त करता येतो. जुलैच्या मुसळधार रात्री ते कळून उपयोग नसतो.